पत्त्यातल्या बायका

माझं कामच पत्ते वाचायचं. इतवारीत कुरिअरच्या काउंटरवर बसते, २२ वर्षं झाली. पाकीट हातात आलं की आधी चौक बघायचा, मग ओळ, मग घर. नागपूरच्या पत्त्यांत कोण कोण आहे ते मला तोंडपाठ आहे. टिळक, गांधी, सुभाष, अभ्यंकर, आंबेडकर, अग्रसेन. त्या मानानं बाईचं नाव फार क्वचित समोर येतं, आणि हे मला दिवसेंदिवस जास्त खुपायला लागलं आहे.

मेट्रोचंच बघा. सुभाष नगरला चढते, चितार ओळीला उतरते. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या अख्ख्या लाइनवर बाईचं नाव तीनदा येतं. झाशी राणी चौक, वैष्णोदेवी चौक आणि एलएडी चौक. झाशीच्या राणीबद्दल मनात आदरच आहे, देवीला हातही जोडते. पण त्या दोघी नागपूरच्या नाहीत. उरली तिसरी, तर तिच्या नावाची तीन अक्षरं झाली. एलएडी म्हणजे लेडी अमृतबाई डागा. तिच्या नावाचं मुलींचं कॉलेज तिथं आहे, म्हणून चौकालाही तेच नाव पडलं. रोज हजारो लोक ‘एलएडी’ म्हणतात आणि त्यात एक अमृतबाई आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. टिळकांचं ‘बीजीटी चौक’ करून बघा, किती लोक चिडतील!

आमच्या इतवारीत एक बाई मात्र वर्षातून एकदा सगळ्यांना आठवते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी मारबत निघते. बाईचा मोठा पुतळा मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. १८८१ पासूनची प्रथा. भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाई इंग्रजांना मिळाल्या, त्यांचा निषेध म्हणून ही मारबत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मीही वडिलांच्या खांद्यावर बसून ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडले आहे. बाकाबाईंनी केलं ते केलं, त्याची बाजू मी घेत नाही. पण दुसऱ्या रघुजींची ही बायको, १८१८ नंतर अल्पवयीन राजाच्या नावानं तिनं कारभार पाहिला, हे मला चाळिशीत कळलं. जाळायला तिची आठवण दीडशे वर्षं टिकते. मग ज्यांनी या गावाचं भलंच केलं, त्यांची का टिकू नये?

कमलाताई होस्पेट घ्या. लहान वयात वैधव्य आलं. नर्सिंग शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत सीताबर्डीत मातृसेवा संघ सुरू केला. बायका घरातल्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होत होत्या आणि मरत होत्या, तो काळ. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझी आई तिथं बाळंत झाली, मी तिथली. २२ वर्षांत मी कमलाताईंचं नाव एकाही पाकिटावर पत्ता म्हणून वाचलेलं नाही.

जाईबाई चौधरी. उमरेडच्या. पोटासाठी डोक्यावर ओझी वाहिली, आणि त्याच बाईनं पुढे नागपुरात दलित मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. शाळेला स्वतःचं नाव नाही दिलं तिनं. मग ते द्यायचं काम कुणाचं होतं?

अनसूयाबाई काळे १९५२ आणि १९५७ ला नागपूरच्या खासदार. त्यांच्यानंतर आजवर एकही बाई इथून लोकसभेवर गेली नाही.

आणि जुलै १९४२. मोहन पार्कात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वतः बाबासाहेब भाषणाला उभे होते. समाजाची प्रगती मी बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, असं ते तिथंच म्हणाले. हे वाक्य आपण भिंतींवर रंगवतो. परिषद चालवणाऱ्या बाईचं नाव किती जणांना सांगता येईल?

लोक म्हणतात, नाव देऊन काय होतं, आधी खड्डे बुजवा. खड्डे बुजवाच, त्यासाठी मीही भांडते. पण चौकाला एखाद्या साहेबांचं नाव द्यायचं असतं तेव्हा खड्डे कुणाला आठवत नाहीत. नावाचा ठराव महापालिकेत होतो. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. नगरसेविका ताईंनो, तुमच्या वॉर्डातला एखादा बिननावाचा चौक शोधा आणि ठराव मांडा. जुनी नावं पुसायची गरज नाही, दर वर्षी नवे ले-आउट पडताहेत.

माझ्या हातात पेन आहे, तेवढं मी सुरू केलं आहे. गेल्या महिन्यात एका पाकिटावर ‘एलएडी चौक’ खोडलं आणि ‘लेडी अमृतबाई डागा कॉलेज चौक’ असं लिहिलं. डिलिव्हरीच्या पोराचा फोन आला, “ताई, हे कुठं आलं?”

सांगितलं.

“अच्छा, ते बाईचं नाव आहे होय,” म्हणाला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या रजिस्टरमध्ये त्यानं पूर्ण नाव लिहिलं होतं. ‘अमृत’ची स्पेलिंग चुकली होती, ती मी नीट करून दिली.