‘४ ते ५ इसम’ मधला ‘ते’

फौजदारी वकिलीत मला बावीस वर्षं झाली. एक विषय बरेच दिवस मनात साचलाय, आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब होणार आहे. खाली ज्या प्रकरणांबद्दल लिहिलंय त्यांतले तपशील बदलले आहेत, कुणाची ओळख पटू नये म्हणून.

एका सकाळी माझ्या ज्युनियरने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “मॅडम, दरोडा लागलाय, जामीन अवघड आहे.” आरोपी एकोणीस वर्षांचा मुलगा. मी फिर्याद काढली. क्लासवरून परतणाऱ्या एका तरुणाला अडवलं, धक्का दिला, तो पडला, गुडघा खरचटला, हातातला मोबाइल हिसकावून पोरं पळाली. आणि मग ते ओळखीचं वाक्य : “४ ते ५ अनोळखी इसमांनी संगनमत करून...”

ज्यांनी कधी फिर्याद वाचली नसेल त्यांना हे ‘४ ते ५’ साधं वाटेल. आपण बोलतोच तसं. पण भारतीय न्याय संहितेत जबरी चोरी करणारे पाच किंवा त्याहून जास्त असले की तो दरोडा होतो, कलम ३१०. चार असले तर ती जबरी चोरी, कलम ३०९. जबरी चोरीला साधारणपणे दहा वर्षांपर्यंत शिक्षा, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत. म्हणजे त्या पोराचं सगळं नशीब ‘ते’ या एका शब्दावर लटकलेलं होतं. अटक चौघांना झाली होती. पाचवा कोण, त्याचं वर्णन काय, त्याने केलं काय, याबद्दल रिमांड रिपोर्टमध्ये (कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात त्या कागदात) एक ओळ नाही. फक्त “एक साथीदार निष्पन्न करणे बाकी आहे.”

आता कुणी म्हणेल, पाचवा सापडला नाही म्हणून दरोडा संपतो का? नाही संपत. पाच जण होते एवढं पुराव्यातून दिसलं तर चौघांवरही दरोड्याचा आरोप टिकतो. हातात काही न घेता नुसता हजर राहून मदत करणाराही त्या पाचांत धरला जातो. मग मी पुरवणी जबाब शोधला. चौथ्या दिवशी घेतलेला, अर्ध्या पानाचा. त्यात फिर्यादी सांगतोय : “मला चौघांनी घेरले. एक इसम थोड्या अंतरावर उभा होता, तो त्यांच्यासोबत होता किंवा कसे हे मी सांगू शकत नाही.” हा कागद त्याच गठ्ठ्यात होता. तो लिहून घेतल्यावर कलम ३१० चं काय करायचं हा प्रश्न तपासात कुणालाच पडला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कलम हे घटनेला चिकटवायचं लेबल नाही. प्रत्येक कलमाचे घटक असतात, म्हणजे तो गुन्हा ठरायला सिद्ध कराव्या लागणाऱ्या गोष्टी, आणि त्यातल्या एकेका घटकापुढे कागदातली एक तरी ओळ दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते कलम लावायचं नाही, आणि ओळ समोर दिसत असेल तर ते लावायचं टाळायचंही नाही.

मला हे माझ्या सिनियरांनी शिकवलं. वहीचं पान उभं दुमडायचं. डाव्या बाजूला कलमाचे घटक, उजव्या बाजूला पान नंबर. उजवीकडे जागा रिकामी राहिली की तिथेच थांबायचं. आजही मी तसंच करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनियरला पहिला महिना हेच करायला लावते.

कलम १०९ घ्या, खुनाचा प्रयत्न, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०७. फिर्यादीत लिहिलेलं असतं : “जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने लोखंडी रॉडने डोक्यात मारले.” दवाखान्याचं प्रमाणपत्र म्हणतं, कपाळावर दोन सेंटिमीटरची फाटलेली जखम, स्वरूप साधं, बोथट वस्तूने झालेली. अटक पंचनाम्यात मोबाइल आणि पाकीट जप्त, रॉड नाही. दोन दिवसांनी निवेदन पंचनाम्यात आरोपीने काढून दिलं ते लाकडी दांडकं. हे चार कागद शेजारी ठेवले की वेगवेगळ्या घटना वाटतात. जखम साधी आहे म्हणून १०९ आपोआप पडत नाही, हेही नीट लक्षात घ्या. या कलमाचा प्राण हेतूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय की जखम जीवघेणीच असायला हवी असं नाही. मग हेतू शोधायचा कुठे? हत्यार काय होतं, वार शरीराच्या कुठल्या भागावर, किती वार, किती जोराचे. सगळ्यात महत्त्वाचं, आरोपी थांबला कसा? लोकांनी धरला म्हणून, की एक फटका मारून स्वतःच निघून गेला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साक्षीदाराला क्वचितच विचारलं जातं. “उद्देशाने” हा शब्द मात्र प्रत्येक फिर्यादीत असतो. तो साक्षीदाराच्या तोंडचा नसतो, लिहिणाऱ्याच्या हाताला बसलेला असतो.

तसंच “लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, शिवीगाळ करून, जिवे ठार मारण्याची धमकी दिली.” हे वाक्य दिसलं की पूर्वी ३२३, ५०४, ५०६, ३४ (साधी दुखापत, चिथावणीसाठी अपमान, धमकी, समान उद्देश) अशी माळच ओवली जायची. आता ११५(२), ३५२, ३५१, ३(५). धमकी नेमकी काय दिली, कुणाच्या समोर, कुठल्या शब्दांत, हे लिहिलेलं असेलच असं नाही.

पोलिसांवर सगळं ढकलायचं नाही मला. रात्री एक वाजता ठाण्यात बसलेल्या अंमलदारासमोर रडणारं कुटुंब असतं, बाहेर पन्नास माणसं असतात, जखमीच्या तपासणीसाठी दवाखान्याला मेडिकल यादी पाठवायची असते, आणि १ जुलै २०२४ पासून आयुष्यभर पाठ केलेले सगळे नंबर बदललेले असतात. पहिल्या रात्री सगळं कळणं शक्य नाही, कायद्याचीही तशी अपेक्षा नाही. म्हणून तर तपासात कलम वाढवता येतं, वगळता येतं. माझी तक्रार पहिल्या रात्रीबद्दल नाहीच. चाळिसाव्या दिवशीही तोच आकडा तसाच का, ही तक्रार आहे.

आणि तो आकडा फार काही ठरवतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, कारणं नोंदवावी लागतात, नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ खाली नोटीस देऊन बोलवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे खडसावून सांगितलं. कलम वर गेलं की ही अट गळते. चार्जशीटसाठी साधारण मुदत ६० दिवस, पण मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. मुदतीत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे नुसत्या आकड्यावर माणूस आणखी तीस दिवस आत राहू शकतो, खटला सुरू व्हायच्या आधी. त्या तीस दिवसांत नोकरी जाते, परीक्षा जाते, घराचा हप्ता थकतो. पुढे निर्दोष सुटला तरी यातलं काहीच परत मिळत नाही.

“वरचं कलम लावून ठेवू, टिकलं नाही तर कोर्ट खाली आणेल.” हे मी कितीदा ऐकलंय! कायद्याने ते चूक नाही. मोठ्या गुन्ह्याचा आरोप असताना त्यातल्या लहान गुन्ह्यासाठी शिक्षा देता येते, आणि निकालाआधी कधीही कोर्ट दोषारोप बदलू शकतं. पण याची किंमत आरोपीच मोजतो असं नाही, फिर्यादीही मोजतो. मी एका प्रकरणात आरोपीच्या बाजूने उभी होते. जखमी माणसाचं डोकं खरंच फुटलं होतं, सहा टाके. साधा, सरळ माणूस. साक्षीत त्याला विचारलं, आरोपी मारताना काय म्हणाला? तो म्हणाला, काहीच नाही. मग त्याच्या फिर्यादीतलं “तुला जिवंत सोडणार नाही” हे वाक्य त्याच्यासमोर ठेवलं. तो म्हणाला, असं मी सांगितलं नव्हतं. तिथून त्याची सगळी साक्ष डळमळली, फुटलेल्या डोक्याबद्दलचीही. माझा अशील सुटला. वकील म्हणून मी माझं काम केलं होतं. पण त्या माणसाला साध्या, सिद्ध होणाऱ्या कलमाखाली न्याय मिळाला असता, तो वाढवून लिहिलेल्या एका वाक्याने घालवला. हे मला आजही टोचतं.

लोकही यात भागीदार आहेत, आपण सगळेच. अपघात झाला की पहिल्या तासात “खुनाचं कलम लावा” म्हणून मोर्चा निघतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दलचा संताप मला समजतो, माझाही होतो. पण निष्काळजीपणाने मृत्यू आणि सदोष मनुष्यवध यांच्यात फरक जाणिवेचा आहे : आपल्या कृत्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे त्याला माहीत होतं का? ते रक्ताच्या नमुन्याने, वेगाच्या पुराव्याने, त्याला आधी कुणी अडवलं होतं का याने दाखवायचं असतं. घोषणा देऊन ते सिद्ध होत नाही, आणि घोषणांच्या गडबडीत रक्ताचा नमुना घ्यायला उशीर झाला तर मग कुठलंच कलम वाचवू शकत नाही.

कलम कमी लावलं जातं तेव्हा मात्र मोर्चा निघत नाही. ती गोष्ट सांगायलाच हवी. नवे कायदे यायच्या आधीची आहे. एक बाई माझ्याकडे आली, माहेरच्या जमिनीत हिस्सा मागितला म्हणून भावाने ढकलून दिलं होतं. ठाण्यात ३२३, ५०४ खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. अदखलपात्र म्हटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. तिच्या हातात पावती आली, तिला घरी पाठवलं. मनगट सुजत गेलं. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं. हाड किंवा दात मोडला की कायद्याने ती गंभीर दुखापत, कलम ३२५, दखलपात्र, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ती एक्स-रेची पिवळी पिशवी घेऊन चार वेळा ठाण्यात गेली. चारही वेळा उत्तर एकच, तुमची एनसी झालीय. तिला कुणी सांगितलं नाही की त्या फिल्मने तिच्या तक्रारीची जातच बदलली आहे. शेवटी मी दंडाधिकाऱ्यांकडे १५६(३) चा, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा, अर्ज केला तेव्हा गुन्हा दाखल झाला, पाच महिन्यांनी. तोवर दोन शेजारी साक्षीदार भावाच्या बाजूला गेले होते. माझ्या ऑफिसात बसून ती एकच प्रश्न विचारत होती, “ताई, हाड तर पहिल्या दिवशीच मोडलं होतं ना?”

आणि एक शब्दप्रयोग, जो बातम्यांत रोज असतो : “शासकीय कामात अडथळा.” या नावाखाली दोन वेगळे गुन्हे एकत्र केले जातात. कलम १३२, जुनं ३५३, यासाठी सरकारी नोकरावर हल्ला किंवा फौजदारीपात्र बळाचा वापर लागतो. नुसता अडथळा म्हणजे कलम २२१, तीन महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि त्याची दखल घ्यायला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची कोर्टाकडे लेखी तक्रार हवी. आवाज चढवला, हुज्जत घातली, व्हिडिओ काढला, म्हणून ३५३ लावलेले कागद मी कित्येक पाहिलेत. वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून ३५३ आणि ५०६ लावल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१५ मध्ये न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. कमेंट लिहिण्यात हल्ला कुठे आहे, हा प्रश्न गुन्हा नोंदवतानाच पडायला हवा होता. त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागू नये.

मग हे बघायचं कुणी? आपल्याकडे चार्जशीट पाठवायचं की नाही आणि कुठल्या कलमाखाली, हे मत तपासी अधिकाऱ्याचं. सरकारी वकिलाचं मत घेऊनच चार्जशीट दाखल करा असा आदेश कोर्टही देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलंय. त्यामागचं कारण मला पटतं, तपास आणि अभियोग (कोर्टात खटला चालवणं) वेगळे राहावेत. इंग्लंडमध्ये १९८६ पासून वेगळी अभियोग सेवा आहे, गंभीर प्रकरणांत आरोप कुठला ठेवायचा हे तिथे वकील ठरवतात. आपण तसं करावं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग संचालनालयाच्या उपसंचालकाला सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांतले पोलीस अहवाल तपासायचं काम दिलंय. ते काम कागदावर राहू नये. मला तर वाटतं प्रत्येक चार्जशीटच्या वर ते दुमडलेलं पान असावं. डावीकडे घटक, उजवीकडे पान नंबर, खाली तपासी अधिकाऱ्याची सही. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

दोषारोप निश्चित करताना न्यायाधीशाने नुसत्या पोस्ट ऑफिससारखं, आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलत, वागू नये, हे १९७९ पासून सांगितलं जातंय. त्या मोबाइलच्या प्रकरणात आम्ही नेमकं तेच मागितलं. सत्र न्यायालयाने पुरवणी जबाब वाचला, ३१० वगळलं, खटला खालच्या कोर्टात पाठवला, आणि तिथे जबरी चोरीचा आरोप ठेवला गेला. माझा अशील तोवर सत्तेचाळीस दिवस आत राहून आला होता आणि त्याची आयटीआयची परीक्षा बुडाली होती. तो मोबाइल हिसकावणाऱ्यांत होता की नाही, ते कोर्ट ठरवेल.

मागच्या महिन्यात फिर्यादीची साक्ष झाली. उलटतपासणीत मी विचारलं, फिर्याद देताना तुम्ही हल्लेखोर किती सांगितले होते? तो तरुण जराही अडखळला नाही. म्हणाला, “चार. मी चारच सांगितले होते. साहेब म्हणाले, चार ते पाच लिहितो.” न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मग ते वाक्य सावकाश, जसंच्या तसं, टंकलेखकाला सांगितलं.