‘तपास चालू आहे’ म्हणे!

रस्त्यावरच्या अपघातात माणूस गेला की पहिल्या दिवशी सगळ्यांची धावपळ. मग महिने उलटतात आणि विचारायला जावं तर एकच पालुपद: ‘तपास चालू आहे.’ अहो, पण कुठे? पुरावा काय तुमची वाट बघत ताटकळत बसतो? रस्त्यावरचे टायरचे व्रण पाऊस आणि रहदारी पुसून टाकतात. सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग वेळेत मागितलं नाही, तर त्यावर नवं चढतं. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं (१०० मिलिलिटर रक्तामागे) उतरतं. नमुना दुसऱ्या दिवशी निवांत घेतलात, तर रात्री तर्र असलेला गडी धुतल्या तांदळासारखा ठरणार! साक्षीदाराला तोवर गाडीचा रंगही धड आठवत नाही.

मान्य, वेगाचा हिशेब आणि ब्रेकची तपासणी यांना वेळ लागतो. लागू दे की. पण मोजमापं, फोटो, नमुने घ्यायला कसला मुहूर्त हवा? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ११.९ लाख माणसं रस्त्यांवर मेली, म्हणजे काम काही नवलाईचं नाही. इकडे घरच्यांनी चौकशी केली, तर आधीचे अधिकारी बदलून गेलेले. नवे साहेब म्हणतात, ‘फाईल बघून सांगतो.’ आणि विम्याचा दावा त्याच फायलीखाली अडकलेला.