मूळ संख्या म्हणे! आधी ६४१ ने भागा

आज पुन्हा तोच फॉरवर्ड. "४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे, कशानेही भागा, बाकी उरतेच." खाली अंगठ्यांची रांग, आणि एकाने छातीठोकपणे लिहिलंय, "मी ११ पर्यंत भागून पाहिलं."

११ पर्यंत! अहो, वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. हिचं वर्गमूळ ६५५३६ च्या केसभर पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या बसतात. त्यातल्या पाच तपासल्या आणि निकाल लावून मोकळे. पहिल्या ११५ मूळ संख्यांनी बाकी उरते, हे खरंय. ११६वी आहे ६४१. तिने भागा: ६७००४१७, बाकी शून्य.

बरं, सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही ही मूळच वाटली होती, मान्य. २ चा ३२वा घात अधिक १ अशी ही संख्या. याच साच्यातल्या (घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जातो) आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ सगळ्या मूळ, मग मोह होणारच. पण सिद्धता हाती नाही हे त्याने १६४० मध्ये पत्रात सरळ लिहिलं होतं. ६४१ दाखवला ऑयलर या स्विस गणितज्ञाने, १७३२ मध्ये.

आणि ६५४२ भागाकार करावेही लागत नाहीत. हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच भागाकार. ११ वाल्यानेही पाचच केले होते, फक्त भलतेच.

भागाकारही नको असेल तर हे बघा, राग जातो माझा हे पाहिलं की. ६४१ म्हणजे ५×१२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागताना ५×१२८ ची बाकी −१ धरा. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात, बाकी १. पण ६२५ ची बाकी −१६. ती घातली की २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवा. शून्य!

"प्रोग्रॅमने तपासलं" म्हणणाऱ्यांनो, ३२ बिटांच्या अनसाइन्ड चलात (संख्या साठवायची जागा, ४२९४९६७२९५ पर्यंतचीच) ही संख्या मावतच नाही, तिथे १ उरतो. फर्माची चाचणी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी इतका घात घेऊन त्या संख्येने भागायचं; मूळ असेल तर बाकी १) २ हा पाया घेऊन लावलीत तर ती या साच्यातल्या प्रत्येक संख्येला पास करते, संयुक्त असली तरी. पाया ३ घ्या आणि निम्म्या घातावरच थांबा. ३१ वेळा वर्ग करा, दरवेळी बाकी ठेवा. संख्या मूळ असती तर शेवटी ४२९४९६७२९६ यायला हवं. येतं १०३२४३०३.

आता कुणीतरी विचारणारच, ६७००४१७ तरी मूळ कशावरून? वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६४ चा नियम १२८ पर्यंत घट्ट केला, तो लावला की उरतात २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पुन्हा पाचच. पाचही वेळा बाकी उरते. ही मूळ.