घरकुल मातीचंही होऊ द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी दादाला घरकुल मंजूर झालं आणि घरात दोन तट पडले. नागपूर-पुण्याची मंडळी म्हणतात, आजोबांचं मातीचं घर पाडू नका, सारं जग आता मातीकडे वळतंय. वहिनी म्हणते, "मग सारवायला तुम्ही या." मी जर्मनीत राहतो. या वादात मी वहिनीच्या बाजूचा आहे, पण स्लॅबच्या बाजूचा नाही.

मातीच्या घराचे कष्ट खरे आहेत. पावसाळ्याआधी कवेलू म्हणजे कौलं फेरायची, वानरांनी फोडलेली बदलायची, उधळीवर म्हणजे वाळवीवर नजर ठेवायची, पायथ्याला ओल चढली की पुन्हा लिंपायचं. यातलं बहुतेक काम बाईच्या अंगावर पडतं. सेवाग्रामची गांधीजींची बापू कुटी पाहून भारावणाऱ्यांनी आधी याचा हिशेब मांडावा.

पण स्लॅबचं सुख मे महिन्यात कळतं. पारा ४५ अंशांपलीकडे जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. वीज गेली की कुलरही बंद. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून उन्हाची धग आत यायला कित्येक तास लागतात, तोवर सांज झालेली असते.

इथे जर्मनीत वाइलबुर्ग गावात ठोकून बसवलेल्या मातीच्या भिंतींची सहा मजली इमारत एकोणिसाव्या शतकापासून उभी आहे. पण इथल्या लोकांनी जुन्याचं नुसतं कौतुक केलं नाही. भार पेलणाऱ्या मातीच्या विटांच्या भिंतींसाठी २०२३ मध्ये मानक आणलं, माती-बांधकामाचं रीतसर प्रशिक्षण देऊन कारागिरांची परीक्षा घेतली. त्यामुळे मातीचं घर बांधू म्हणणाऱ्याला कुणी गरीब समजत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं थोडंच आहे? मातीच्या ब्लॉकसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानक आहे, भूकंपात मातीची घरं टिकावीत म्हणून १९९३ पासून आयएस १३८२७ आहे. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं शंकूच्या आकाराच्या भाजक्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून छताची कमान उभारायची रीत दाखवून दिली. घरकुलाच्या नियमांतही स्थानिक साहित्याला मनाई नाही. तरीही आमच्या गावात प्रत्येक घरकुल विटा, सिमेंट आणि स्लॅबचंच होतं. कारण मिस्त्रीला दुसरं येत नाही, आणि आपण वेगळं काही बांधलं तर अनुदानाचा हप्ता अडकेल ही भीती प्रत्येकाला असते. ज्याच्याकडे एकच संधी आहे त्यानं प्रयोग का करावा?

दादाला मी एवढंच सुचवलंय: काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया खोल आणि दगडाचा घे, जोतं उंच ठेव, भिंतींना मातीत मुरूम आणि थोडं सिमेंट मिसळून दाबलेले ब्लॉक वापर, छज्जा लांब काढ. त्या भिंतींना सारवण लागणार नाही, हे वहिनीलाही पटलंय. अडलंय ते ब्लॉक रचणाऱ्या मिस्त्रीपाशी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे काम शिकवा, आणि हप्ता मंजूर करणाऱ्या अभियंत्याकडे मातीच्या घराचाही मंजूर नकाशा असू द्या. दादाच्या घरासाठी हे उशिरा आलं तरी चालेल, पण गावातली पुढची घरकुलं तरी अशी व्हावीत.