पोरांच्या पोटातले जंत टिकवायचेत? मग एवढं कराच

गावातल्या शाळेतल्या पोरांच्या पोटात जंत कायमचे नांदावेत असं वाटत असेल तर टेन्शन घेऊ नका, खर्च फार नाही. आधी संडास बांधा. हो, बांधाच, फोटो लागतो ना! वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा बोर्डही लावा, फक्त पाण्याचं कनेक्शन तेवढं देऊ नका आणि किल्ली हेडसरांच्या कपाटात ठेवा. पोरं मग जातात शाळेमागे बाभळीखाली, पायात चपला असतातच असं नाही, त्यामुळे हुकवर्म नावाच्या जंताच्या अळीला तोंडापर्यंत यायचाही त्रास नाही, तळपायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून निवांत रक्त पिते. गोल जंताची मादी तर दिवसाला दोनेक लाख अंडी घालते, एवढं प्रॉडक्शन आपल्या कुठल्या एमआयडीसीत आहे सांगा.

आता 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. अल्बेंडाझोल 400 मिलीग्रॅम, चावून खायची. गोळी चांगलीच आहे हो, शिक्षक समोर उभं राहून खायला लावतात, पण ती पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. तेव्हा गोळी जरूर द्या, फोटो काढा, आणि पोरांना परत त्याच मातीत सोडा.

एखादी पोरगी वर्गात पेंगत असेल तर हिमोग्लोबिन वगैरे बघायच्या भानगडीत पडू नका, 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मारून मोकळं व्हा. आई विचारायला आलीच तर सांगा, गोड जास्त खाते ना, त्याने होतात जंत. (घरात साखर चहापुरती असते, पण ते असो.)

तुम्ही स्वतः मात्र गट हेल्थ, म्हणजे आतड्याची तब्येत, जपा, प्रोबायोटिकची बाटली, कोंबुचा नावाचा आंबवलेला चहा, सगळं. परदेशात तर क्रोन्सच्या (आतड्याला कायमची सूज येणाऱ्या आजाराच्या) पेशंटना डुकराच्या जंतांची अंडी मुद्दाम पाजून ट्रायल घेतल्या, मोठ्या ट्रायलमध्ये फायदा काही दिसला नाही ती गोष्ट वेगळी. त्यांना आधी संमतीच्या फॉर्मवर सही करावी लागली, आपल्या पोरांना तीही कटकट नाही.

आणि तुमच्या पोराच्या शाळेतून गोळीची चिठ्ठी आली तर 'आमच्याकडे आरओ आहे, गरज नाही' असं इंग्रजीत लिहून द्या. डब्यातल्या काकडी-कोथिंबिरीला कुठल्या नाल्याचं पाणी होतं ते भाजीवाल्याला विचारू नका, उगाच महाग लावेल.