शपथ झाली, आता पुढं काय?

दरवर्षी तेच. २४ सप्टेंबर, एनएसएसचा, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा, स्थापना दिवस आला की हॉलमध्ये फ्लेक्स लागतो: 'नॉट मी, बट यू'. १९६९ मध्ये योजना सुरू झाली, ब्रीदही चांगलंय. पाहुणे, शाल-श्रीफळ, पोरांना हात पुढं करून माणुसकीची शपथ. मागच्या रांगेत डुलक्या. (आम्ही प्राध्यापकही घेतो, खोटं कशाला बोला!)

अन् दुसऱ्या दिवशी? परभणीच्या आडबाजूच्या खेड्यातून येणारं लेकरू पहिल्या तासाला दारातच उभं. "कामून उशीर?" एसटीच आली नाही म्हणतंय, तर वर्ग खो-खो हसतो. हसण्यात सर पुढं!

फीच्या खिडकीवर तर बघायलाच नको. अतिवृष्टीत सोयाबीन गेलेलं, पोरगी हप्ते पाडून मागतीय, अन् आतला बाबा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडतो, "पैसे नव्हते तर ॲडमिशन कशाला घेतलं?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मागच्या रांगेतलं एक पोरगं हूं की चूं करंना. सगळे शपथ घेतलेलेच! बोलतील तरी कसे? मोठ्यांनाच कधी असं मधी पडताना बघितलं नाही त्यांनी.

टेली-मानस, म्हणजे मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर नोटीस बोर्डावर लावा म्हणलं. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. तर म्हणे बोर्डावर जागा नाही.

सेल्फी पॉइंटला मात्र गेटपाशी बरोबर जागा निघाली.