मॅडम, ब्लेझर घ्यावाच लागतोय का?

नाही. घ्यावा लागत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आमच्याकडं संशोधन परिषदांचा हंगाम. रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली की पोरांच्या मेलवर अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा सारांश, स्वीकारल्याचं कळतं, आणि पाठोपाठ हा प्रश्न माझ्या टेबलापाशी येतो. विचारणारा बहुतेक वेळा जिंतूर, गंगाखेड, सेलूकडचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातलाच असतो. घरी कोरडवाहू रान. नोंदणी फी भरून झालेली, तिकीट काढलेलं, संशोधन मांडायचं पोस्टर अजून छापायचंय, आणि माहितीपत्रकात खाली एक ओळ: 'ड्रेस कोड : फॉर्मल'. लिहिणाऱ्याला त्यातून कोट-टाय अपेक्षित आहे की इस्त्रीचा शर्ट, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसतं. मागच्या वर्षीच्या पत्रकातून ती ओळ तशीच उचललेली असते. पण इकडं पोरगं मित्राकडून उसने पैसे घेतं आणि ब्लेझर आणतं. पुढं तो ब्लेझर चुलतभावाच्या साखरपुड्यात दिसतो, मग कुठंच दिसत नाही.

परिषदेत काम काय असतं ते आधी बघा. रात्रभर प्रवास करायचा, गार हॉलमध्ये दिवसभर बसायचं, पोस्टरशेजारी दोन तास उभं राहायचं आणि जमलं तर दहा मिनिटं माईकवर बोलायचं. बॅग या चार गोष्टींसाठी भरायची. फोटो हे पाचवं काम, आणि ते कुठल्याही धुतलेल्या शर्टात होतं.

प्रवासापासून धरू. आपल्याकडून मुंबईला देवगिरी एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. दिल्लीची परिषद असेल तर सचखंड एक्सप्रेस, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते, आणि जानेवारीत उत्तरेत धुकं असलं तर कधी पोचवेल हे तिचं तिलाच माहीत. म्हणून पहिल्या दिवशी हॉलमध्ये घालायचे कपडे बॅगेत सगळ्यात वर पाहिजेत, टॉवेल-कंगव्यासकट. गाडी लेट झाली तर वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, कपडे बदलून थेट हॉल गाठता येतो. बॅगेच्या तळातला शर्ट फलाटावर उपसत बसलेले भलेभले प्राध्यापक मी पाहिलेत.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. फक्त चटणीचा डबा कपड्यांच्या बॅगेत नको. कितीही घट्ट झाकणाचा असू द्या, तेल वाट काढतंच आणि बरोबर पांढरा शर्ट शोधतं. विमानानं जाणाऱ्यांचं प्रमाण आता वाढलंय, त्यांना एवढंच सांगते की पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही.

पोस्टरचं मात्र नीट ऐका, कारण पोरं कपड्यांचा विचार आठ दिवस करतात आणि पोस्टरचा आदल्या रात्री. साधारण माप ए-झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. कागदावर छापलं तर गुंडाळी नळीत घालावी लागते, आणि ती नळी रेल्वेच्या डब्यात सगळ्यांच्या डोक्यात आपटते. आता मोठ्या शहरांत पोस्टर पॉलिस्टरच्या कापडावर छापून मिळतं. पैसे थोडे जास्त जातात, पण घडी घालून शर्टाखाली ठेवता येतं. पोचल्यावर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत टांगलं की सुरकुत्या बऱ्याचशा जातात. कडक इस्त्री मात्र फिरवू नका, आकसतं. ब्लेझरचे पैसे वाचवायचेत ते यासाठी. गेल्या हंगामात आमचा एक विद्यार्थी कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरचं पोस्टर घेऊन उभा होता, अंगात साधा आकाशी शर्ट. परीक्षकांनी विचारलं कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) एकरी किती लावले, पतंग कधीपासून मोजले, शेजारच्या रानात फरदड, म्हणजे वेचणीनंतरही ठेवलेली कपाशी, होती का. शर्टाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पायात मात्र त्याचे रोजचे बूट होते, आणि हे मी मुद्दाम सांगितलं होतं. नवे बूट परिषदेत पहिल्यांदा घालायचे नाहीत. तासाभरात टाच सोलते आणि मग माणूस प्रश्नांची उत्तरं एका पायावर देतो.

ब्लेझरवर माझा राग आणखी एका कारणानं आहे. कपड्याची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे, १९४१ साली अमेरिकेत ठरवलेलं. पूर्ण सूट अंगात असला की साधारण १ क्लो. आता मंचावरची सगळी मंडळी १ क्लोची, त्यांना उकडतं, मग एसी खाली जातो आणि कॉटनच्या कुर्त्यातल्या, साडीतल्या बायका कुडकुडत बसतात. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात याचं आणखी एक कारण मांडलं. इमारतीतल्या तापमानाचं गणित ज्या सूत्रावर चालतं, त्यात शरीरात किती उष्णता तयार होते याचा आकडा सरासरी पुरुषाचा धरलेला आहे, आणि बाईच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकतो. म्हणजे मे महिन्यात ४३ अंशांतून हॉलमध्ये शिरलेली बाई पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते, तेव्हा ती नाजूक नसते, सूत्रच तिच्यासाठी केलेलं नसतं.

यावर माझ्याकडं हिमरूची शाल आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं विणकाम. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, आणि नक्षीचे मोकळे धागे मागच्या बाजूला राहतात, त्यामुळं वजन फारसं नसूनही ऊब मिळते. कुठल्याही साडीवर, कुर्त्यावर चालते. रात्री गाडीत अंगावर घेता येते. ब्लेझर पांघरून कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नाही.

बायकांच्या बॅगेबद्दल घरात प्रत्येकाला मत असतं. आईचं तर ठरलेलं, "चारचौघांत जायलीस, एखादी जरीची घे की." पुरुष सहकारी दोन पँटी, तीन शर्ट कोंबून निघतो, आणि तिसऱ्या दिवशीही त्याला कुणी विचारत नाही की हा कालचाच का. आम्हाला विचारतात, आणि विचारणाऱ्या बायकाच असतात, हेही लिहिलं पाहिजे. माझा नियम साधा आहे: साड्या दोनच, बाकी कुर्ते. खळ दिलेली साडी प्रवासाला नको. एकदा मोडली की हॉटेलातल्या इस्त्रीनं ती घडी परत बसत नाही.

आणि खिसा. शिंप्याला सांगून कुर्त्याला खिसा शिवून घ्याच. सेमिनार हॉलमध्ये कॉलर माईक देतात, तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कॉलर आणि पट्टा होता. त्याची चिमटी साडीच्या पदरावर लावायची, तर पदर हलला की स्पीकरमधून खरखर. वायरच्या टोकाला काडेपेटीपेक्षा मोठी डबी, ती कुठं अडकवायची? निऱ्यांत खोचली तर वजनानं निऱ्या सुटायची भीती. एका हातात डबी, दुसऱ्या हातात स्लाइडचा रिमोट धरून बोलणाऱ्या बाईनं पडद्यावरचा आलेख दाखवायचा कशानं? वर गळ्यातलं ओळखपत्र मंगळसूत्रात अडकलेलं. मी आता बोलायच्या दिवशी खिशाचा कुर्ता घालते आणि ओळखपत्र आधी काढून ठेवते.

पोरांना शर्टच घ्यायचा असेल तर नांदेडची खादी बघा. आपला तिरंगा जिथं तयार होतो त्या खादी समितीचं काम आहे ते. २ ऑक्टोबरच्या सुमारास खादीवर सूटही असते. चुरगळते, मान्य, पण खादी चुरगळलेलीच असते हे सगळ्या देशाला माहीत आहे.

येताना बॅगेत जागा मोकळी ठेवा. तिथं एक ज्यूटची पिशवी, फाइल, पेन आणि सन्मानचिन्ह मिळतं. पिशव्यांचं आमच्या घरी फार कौतुक आहे. शनिवारच्या बाजारात आमची मेथी देशातल्या निरनिराळ्या परिषदांच्या नावांखाली घरी येते.

तरीही ज्याला ब्लेझर घालायचाच आहे त्यानं खुशाल घालावा, विकत मात्र घेऊ नये. विभागातलं एक कपाट मी रिकामं करून घेतलंय. प्राध्यापक मंडळींच्या घरी लग्नात शिवलेले, आता पोटावर न बसणारे कोट पडून आहेत, ते तिथं आणून टांगायचे. पोरांनी सही करून न्यायचे आणि आल्यावर परत लावायचे. दोन आलेत, पण दोन्ही ४४ मापाचे, आणि आमची पोरं सगळी किडकिडीत. ३६-३८ मापाचा कुणाकडं असेल तर कळवा. ड्रायक्लीनिंगचं मी बघते.